केबल सोडलेल्यांनो, टीव्ही कसा बघता? (अनुभव धागा)

परळ :
केबल बंद केली एकदाची. २०१९ला 'हव्या त्याच वाहिन्या निवडा' हा नियम आला तेव्हा हुरूप आला होता. मग कळलं, पैशाची एकही वाहिनी घेतली नाही तरी १३० रुपये आणि वर जीएसटी, म्हणजे १५३ तेव्हा मोजावेच लागत. आणि घरात बघणार काय, तर सातच्या बातम्या आणि मॅच! मुंबईत दरमहा पैसे न भरता ज्यांचा टीव्ही चालू आहे त्यांनी इथे लिहा. फसलेले प्रयोग तर आवर्जून लिहा, तेच जास्त कामाचे.

माझ्यापासून सुरुवात. दूरदर्शनचं डिजिटल प्रक्षेपण मुंबईत २०१६पासून आहे आणि आमच्या गच्चीवरून वरळीचा मनोरा दिसतो. म्हटलं, झालंच काम. माळ्यावरचा वडिलांच्या वेळचा अँटेना पुसून लावला. ढिम्म. दुकानदार हसला. त्या अँटेनाच्या काड्या लांबलचक. आताचं प्रक्षेपण यूएचएफवर, म्हणजे पूर्वीपेक्षा आखूड लहरींवर, त्याला वीत-दीड वीत काड्यांचा लागतो. तो आणला, तरी पडदा निळाच, कारण आमच्या टीव्हीत डीव्हीबी-टी२ ट्यूनरच, म्हणजे हे डिजिटल प्रक्षेपण पकडणारा भागच, नव्हता. वेगळा बॉक्स जोडला, स्कॅन लावला. पट्टी निम्म्याच्या पुढे गेली आणि डीडी न्यूजचं नाव उमटलं. बायको म्हणाली, "एवढ्यात वर्षभराची केबल झाली असती." चित्र मात्र लख्ख. पूर्वीसारख्या मुंग्या नाहीत, सावल्या नाहीत. बिघडलं की एकदम चौकोनच पडतात.

भांडुप :
अँटेनाच्या नादी लागू नका सांगणार होतो, उशीर झाला. आमच्या आणि वरळीच्या मध्ये इतके टॉवर उभे राहिलेत की काही पोचत नाही. मी डीडी फ्री डिश, म्हणजे दूरदर्शनची बिनमासिक-भाड्याची छत्री, बसवली. डिश, बॉक्स, वायर, लावणावळ मिळून एकदाच १८०० रुपये गेले. उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला, म्हणजे मुंबईतून डिशचं तोंड आग्नेयेला. आमच्या खिडक्या सगळ्या पश्चिमेला! सोसायटी गच्ची देईना. शेवटी समोरच्या काकूंच्या ग्रिलला डिश अडकवली आणि वायर जिन्यातून आत घेतली. भाडं काही नाही, फक्त त्यांचा टीव्ही अडला की मलाच हाक. जुलैत पाऊस धो धो लागला की चित्र थिजतं. तेवढ्यात चहा होतो.

मालाड :
क्रिकेटवाल्यांसाठी. २००७च्या कायद्याने भारताच्या महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण दूरदर्शनलाही द्यावं लागतं. पण सुप्रीम कोर्टाच्या २०१७च्या निकालानंतर ते फक्त अँटेनावर आणि फ्री डिशवर. केबलवरच्या दूरदर्शनला नाही. त्यामुळे मागे झालं असं, की शेजारी दरमहा पैसे भरतात, पण त्यांच्या पॅकमध्ये स्पोर्ट्स नाही. दुसऱ्या डावाला सगळं कुटुंब आमच्याकडे. वेफर्स त्यांचे.

चेंबूर :
सह्याद्री यूट्यूबवर लाइव्ह असते. प्रसार भारतीचं, म्हणजे दूरदर्शन चालवणाऱ्या संस्थेचं, वेव्हज ॲपही २०२४पासून आहे. हे 'फुकट'मध्ये धरायचं का? वाय-फायचे पैसे जातातच की.

गिरगाव :
चेंबूर, फुकट तेव्हाही नव्हतं हो. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं, मी आठवीत होतो. टीव्हीचं लायसन्स असायचं आणि त्याचे पैसे पोस्टात भरावे लागत. आमच्या चाळीत टीव्ही एकच, पहिल्या मजल्यावर. त्या घरचे आजोबा लायसन्सचं पुस्तक देवघरात, पंचांगाखाली ठेवायचे. संक्रांतीनंतर त्यांच्या अँटेनाच्या काड्यांत मांजा गुंतायचा आणि तो सोडवायला आम्हा पोरांपैकी कोणाला तरी कौलांवर चढावं लागे. जो चढेल त्याला त्या दिवशी टीव्हीसमोर पहिल्या रांगेत जागा. मी दोनदा चढलो. तिसऱ्यांदा आईने बघितलं.

परळ :
काका, तो माळ्यावरचा अँटेना मी भंगारात द्यायला काढला होता. राहू दे आता.

कांदिवली :
आमचा प्रयोग फसला, म्हणून लिहिते. फ्री डिश लावली, नवरा खूश, मुलांना तसाही टीव्ही लागत नाही. चौथ्या दिवशी सासूबाई रात्री साडेआठला रिमोट घेऊन बसल्या आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळ्या वाहिन्या फिरवल्या. त्यांची मालिका कुठेच नव्हती. बोलल्या काहीच नाहीत. टीव्ही बंद केला, जपमाळ घेतली. सोमवारी केबलवाला परत आला. डिश बाल्कनीत आहे, तिच्यावर पायपुसणी वाळत घालते. भांडुप, तुमच्या काकूंना दुसरी हवी असेल तर सांगा.