खालच्या लीगमधला रग्बी क्लब: आधी बढती की आधी प्रेक्षक?

प्रश्न: आमच्या क्लबच्या तिकिटांचं टेबल मी सांभाळते. सामन्याला दीडशे डोकी, त्यातली निम्मी खेळाडूंच्या घरची. समितीला पाच वर्षांत दोन पायऱ्या वर जायचंय, म्हणून पगारी खेळाडू आणायचेत. मी म्हणते, आधी बाकं भरूया. चुकतेय का?

उत्तर १: नाही. लंडन वेल्श हा इंग्लंडमधला क्लब आठवून बघा. २०१४-१५ मध्ये प्रीमियरशिपला, म्हणजे तिथल्या सर्वोच्च लीगला पोचले आणि २२ च्या २२ सामने हरले. दोनेक वर्षांत क्लब दिवाळखोरीत.

उत्तर २: एक्झिटर हा दुसरा इंग्लिश क्लबही बघा की! २००६ मध्ये सँडी पार्कचं नवं मैदान, २०१० मध्ये प्रीमियरशिपला बढती, २०१७ मध्ये विजेतेपद. महत्त्वाकांक्षा वाईट नाही हो, क्रम महत्त्वाचा.

उत्तर ३: मध्यंतरात लहान पोरांना मैदानावर खेळवा. एका पोरामागे आईबाप, आजोबा, सगळे येतात. आणि माईकवर नियम सांगणारा कुणीतरी हवाच. रकमध्ये (जमिनीवरच्या चेंडूसाठीची झटापट) शिट्टी का वाजली हे आम्हा जुन्यांनाही कधीकधी कळत नाही, नवख्यांचं काय!

प्रश्नकर्ती: माईक आहे. सध्या तो फक्त ‘फाटकासमोरची गाडी काढा’ एवढंच बोलतो. पुढच्या सामन्याला मीच धरते.