तेल रिफायनरीची काळी माती आपोआप पेटली. तिचं आणि सोपस्टॉकचं काय करावं?

तेलघर_कुपवाड
नमस्कार. कुपवाड एमआयडीसीत आमची सोयाबीन तेलाची छोटी रिफायनरी आहे, दिवसाला १० टनांची. वडिलांनंतर गेली तीन वर्षं मी बघते. मागच्या मंगळवारी रात्री अडीचला वॉचमनचा फोन आला, शेडमागचा मातीचा ढीग धुमसतोय म्हणून. तिथं वायर नाही, कुणी काडी टाकलेली नाही. फिल्टर प्रेसमधून (तेल गाळायच्या यंत्रातून) निघालेली ब्लीचिंगची, म्हणजे तेलाचा रंग काढायला वापरलेली, माती आम्ही तिथंच टाकतो आणि महिन्यातून एकदा ट्रॅक्टरवाला घेऊन जातो. कुठं नेतो, हे मी आजवर विचारलं नव्हतं. शेजारच्या कारखान्यातली पोरं पाइप घेऊन धावली म्हणून शेड वाचली.

ही माती पेटते कशी? तिच्यातलं तेल परत काढता येईल का? आणि सोपस्टॉक, म्हणजे तेलातलं आम्ल कॉस्टिक सोड्यानं काढताना निघणारा साबणाचा गाळ, साबणवाला मातीमोल भावानं उचलतो, तर त्याचं आपणच अ‍ॅसिड ऑइल (आम्ल घालून गाळातून वेगळं केलेलं तेल) करावं का? वडिलांची वही आहे, पण तिच्यात यातलं काहीच नाही.

जुना_केमिस्ट_कराड
ताई, कुणाला इजा झाली नाही हे फार बरं झालं. मी ३१ वर्षं रिफायनरीत काढली आणि असे दोन ढीग पेटलेले पाहिले, दोन्ही रात्रीच.

ती माती अतिशय बारीक असते आणि प्रत्येक कणावर तेलाचा पातळ थर असतो. सोयाबीनच्या तेलाला हवा लागली की ते ऑक्सिजन धरतं आणि तापतं. उघड्यावर पातळ पसरलं असेल तर ती उष्णता निघून जाते, ढिगाच्या पोटात मात्र साठत राहते. जवसाच्या तेलाचा बोळा कोपऱ्यात पडून पेटतो, तसंच हे. त्यात तुमची माती प्रेसमधून गरमच निघते. म्हणून आजपासून ती पाणी मारून गार करा, झाकणाच्या लोखंडी पिंपात भरा, आठवड्याच्या वर ठेवू नका आणि शेडपासून लांब ठेवा.

आता तेल. १० टनांना दीड टक्का माती म्हणजे रोज १५० किलो. निघणाऱ्या मातीत ३० टक्के तेल असेल, तर रोजचं साठेक किलो तेल बाहेर चाललंय. प्रेस उघडण्याआधी केकमधून, म्हणजे आत साचलेल्या मातीच्या थरातून, कोरडी वाफ नीट फुंकली आणि ते प्रमाण २० टक्क्यांवर आलं, तर जाणारं तेल ३७-३८ किलोवर येतं. गरम केकवर नुसती हवा मारू नका, आगीला तेच निमंत्रण. हेक्झेननं, म्हणजे तेल विरघळवणाऱ्या द्रावकानं, उरलेलं तेलही निघतं, पण त्याची वाफ शून्याखालच्या तापमानालाही पेट घेते, त्यामुळे तुमच्या आकाराच्या कारखान्यानं त्या वाटेला जाऊ नये. आणि मातीतून काढलेलं तेल ऑक्सिडाइज झालेलं असतं. ते साबणाला किंवा बायोडिझेलला जाईल, पण खाण्याच्या टाकीत एक थेंबही परत नको. पेंडीत माती मिसळायला सांगणारे भेटतील. जनावराच्या तोंडी ते घालू नका.

सोपस्टॉकचं मात्र उलटं सांगतो. सल्फ्युरिक आम्ल घालून उकळलं की अ‍ॅसिड ऑइल वर येतं, भावही बरा मिळतो. पण खाली उरतं ते आम्लाचं, सल्फेटचं पाणी. चुन्यानं आम्ल मरतं, बरंचसं सल्फेट मात्र पाण्यातच राहतं. ते ओढ्यात गेलं की पुढं कृष्णेत. पाण्याची सोय होईपर्यंत सोपस्टॉक आहे तसाच परवानाधारकाला द्या, आणि मुळात तो कमी कसा निघेल ते बघा. एफएफए, म्हणजे तेलातलं मोकळं आम्ल, १ टक्का असेल तर १० टनांना हिशोबानं १४.२ किलो कोरडा कॉस्टिक लागतो, वर थोडा जादा. अंदाजानं बादली ओतली की चांगल्या तेलाचाही साबण होतो. ऑपरेटर रोज टायट्रेशन करतो का, म्हणजे तेलातलं आम्ल मोजतो का, एवढं आधी विचारा.

वीटभट्टी_पलूस
आमच्याकडं ही माती विटांच्या गाऱ्यात थोडी घालून बघितली. आतलं तेल जळतं, कोळसा जरा कमी लागतो. जास्त झाली की वीट पोकळ निघते आणि धूर लई होतो. पण ताई, प्रदूषण मंडळाच्या ऑफिसात विचारून कागद करूनच द्या, नायतर भट्टीवाला आणि तुम्ही दोघंही अडकाल. आमच्या शिवेवर एकानं कच्ची माती रानात ओतली होती. दोन पावसाळे झाले, अजून तिथं पाणी मुरत नाही, वरच्यावर घरंगळतं.

तेलघर_कुपवाड
काका, दादा, मनापासून आभार. ट्रॅक्टरवाल्याला फोन केला. "नदीकडच्या खड्ड्यात" म्हणाला. त्याला थांबवलंय आणि मंडळाच्या सांगलीच्या ऑफिसात उद्या जातेय. ऑपरेटर टायट्रेशन करत नव्हता. त्यासाठीची मापाची काचनळी, ब्युरेट, फुटून वर्ष झालं होतं, कुणी सांगितलंच नाही. नवी आणली. प्रेसला वीस मिनिटं वाफ देऊन बघितली, केक हाताला पहिल्यापेक्षा कोरडा लागतोय. माती पिंपात आहे. संध्याकाळी मधोमध थर्मामीटर खुपसला, ३८ अंश. किती अंशांवर गेलं की घाबरायचं, काका?

जुना_केमिस्ट_कराड
आकड्यापेक्षा चढ बघा. सकाळ-संध्याकाळ लिहून ठेवा. बाहेर गारवा असूनही आतला आकडा चढत गेला, तर ५० ची वाट न बघता पाणी मारा. वडिलांच्या त्याच वहीत लिहा.