फायरवॉलच्या भोकांना लाल आरटीव्ही पुरतो म्हणणाऱ्यांसाठी

रिव्हेटवाला: टेलड्रॅगर यांनी परवा लिहिलं की घरी बांधलेल्या विमानाच्या फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या, फटींत लाल हाय-टेम्प आरटीव्ही, म्हणजे सिलिकॉन सीलंट, भरा, विषय संपला, महागडी सीलंट म्हणजे घाबरवून विकायचा धंदा. वाचून राहवलं नाही. त्या ट्यूबवर ३००-३५० डिग्री सेल्सिअसच्या आसपासचा आकडा असतो, तो गास्केटसाठी. फायरप्रूफ ठरवायची ज्वाळा २००० फॅरनहाइटची, म्हणजे जवळपास ११०० सेल्सिअस, आणि ती १५ मिनिटं. ०.०१५ इंची स्टेनलेस त्यात टिकतो म्हणून तर तो लावायचा, आणि मग त्यालाच थ्रॉटल केबल, फ्युएल लाइन, वायरिंगसाठी भोकं पाडून ती रबरी ग्रोमेटने बुजवायची? मग पत्रा कशाला लावला?

मुळात मोठं भोक कुठल्याच सीलंटने भरायचं नसतं. आधी स्टीलची प्लेट नाहीतर कॉलर, आणि बारीक फट उरली की फायरवॉल सीलंट, तेही प्लेट-कॉलरच्या कडेखाली (फ्लँजखाली) आणि इंजिनच्या बाजूने. केबिनच्या बाजूने थापलंत तर पत्रा तापल्यावर त्याचा धूर थेट तुमच्या नाकात.

टेलड्रॅगर: सर्टिफाइड विमानांचे नियम होमबिल्टला लावायची हौस कधी जाणार तुमची? एक्सपेरिमेंटलला, म्हणजे आपल्यासारख्या घरी बांधलेल्यांना, पार्ट २३ (छोट्या सर्टिफाइड विमानांचे अमेरिकी नियम) लागू नाही. माझ्या विमानात लाल आरटीव्हीच आहे, इतकी वर्षं उडतंय, दर वार्षिक तपासणीत बघतो, एक तडा नाही. आणि आग लागल्यावर १५ मिनिटं वर बसणार कोण, फ्युएल बंद करून खाली यायचं.

वायरिंगवाली: तडा नाही म्हणजे आगीत टिकेल, हे कुठून काढलंत? बरं, आगीचं राहू दे. आमच्या एक्झॉस्टच्या जॉइंटला चीर पडली होती, कुणाला पत्ता नाही. क्लाइंबमध्ये कार्बन मोनॉक्साइडच्या डिटेक्टरचा आकडा चढायला लागला, शेजारचं, त्या वायूने ठिपक्याचा रंग बदलणारं कार्ड मात्र ढिम्म. उतरल्यावर रात्री हँगरमधले दिवे घालवले, केबिनमध्ये प्रखर लाइट लावला आणि काऊल (इंजिनचं झाकण) काढून पुढून बघितलं, तर फायरवॉलच्या खालच्या कोपऱ्यात पत्रे जुळतात तिथे उजेडाची बारीक रेघ, आणि हीटर बॉक्सच्या (केबिनमध्ये गरम हवा सोडणाऱ्या डब्याच्या) फ्लॅपभोवती जवळजवळ अख्खं वर्तुळ. फ्लॅप बंद असताना!

सहावा सिलिंडर: हीटर बॉक्स! कित्येक दिवस ओरडतोय मी. केबलच्या भोकावर भांडताय आणि शेजारी दोन इंची भोकावर ॲल्युमिनियमचा डबा. ॲल्युमिनियम ६६० डिग्रीला वितळतं, डबा गेला की ज्वाळा सरळ पायांवर. आणि त्याच पत्र्याला आतून आवाज कमी व्हावा म्हणून फोम चिकटवणारे महाभाग वेगळेच.

टेलड्रॅगर: फोम माझ्याकडे आहे आणि राहणार. फोमशिवाय दोन तास उडून दाखवा, मग बोला. पाकिटावर अग्निरोधक लिहिलंय.

रिव्हेटवाला: कुठल्या चाचणीत अग्निरोधक? मी करून बघितलंय, तुम्हीही बघा. उरलेल्या स्टेनलेसच्या तुकड्याला मागून तोच फोम चिकटवा आणि मोकळ्या जागेत, लांब उभं राहून पुढून गॅसच्या ब्लो-टॉर्चची ज्वाळा मारा. पत्र्याला काही होत नाही, तो फक्त लाल होतो, पण मागे आधी गोंद धुरतो, मग फोम पेटतो. फायरवॉल शाबूत आणि केबिनमध्ये आग! डोळ्यांत धूर असताना फ्युएल बंद करून खाली यायचं म्हणताय, ते कसं?

टेलड्रॅगर: आवाज चढवू नका. तुमच्या वयाइतकी वर्षं मी विमानं बांधतोय.

वायरिंगवाली: वर्षं मोजून फोम विझणार आहे का? आणि साहेब, तुमचा आरटीव्ही लावताना व्हिनेगरसारखा वास येत असेल तर तो ॲल्युमिनियमलाही खातो, हेही बघून घ्या.

टेलड्रॅगर: फोम काढतो, चला. ब्लो-टॉर्चचं आज करून बघितलं, काय झालं ते इथे लिहीत बसत नाही. पण बारीक फटींसाठी आरटीव्ही वाईट, हे मला अजून पटलेलं नाही. हीटर बॉक्स स्टेनलेसचा बसवायचा तर जुनी भोकं जुळतात का, कुणी बसवलाय का?

सहावा सिलिंडर: माझी नाही जुळली. उरलेली भोकं स्टीलच्या रिव्हेटने बंद करा, ॲल्युमिनियमचे नकोत, आणि त्यावर आरटीव्ही अजिबात लावू नका.