शाळा म्हणते आधी रिपोर्ट आणा, डॉक्टर म्हणतात आधी शाळेचं लेखी आणा

निळी_छत्री:
माझा मुलगा 7 वर्षांचा, दुसरीत आहे. रात्री गोष्ट सांगितली की दुसऱ्या दिवशी आवाज काढून अख्खी परत सांगतो. शाळेच्या वहीत मात्र फळ्यावरच्या 5 ओळींतल्या जेमतेम 2 उतरतात, आणि तिसरी भलतीकडूनच सुरू होते. बाई म्हणतात, हाक मारली तरी ओ देत नाही, लक्षच नसतं. शाळेत मदत मागितली तर "डॉक्टरांचा रिपोर्ट आणा." डॉक्टरांकडे गेले तर "शाळेकडून लेखी आणा, मग बघू." दीड महिना अशाच खेपा घालतेय. काल गृहपाठ करताना त्याने विचारलं, "आई, मी ढ आहे का?" मला पटकन बोलताच आलं नाही. सुरुवात नेमकी कुठून करू?

खडू_फळा:
मी विशेष शिक्षिका आहे. डॉक्टर लेखी मागतात त्याला कारण आहे. लक्ष न लागणं, चंचलपणा (एडीएचडी) असं निदान करायचं तर लक्षणं किमान दोन ठिकाणी, म्हणजे घरी आणि शाळेतही, दिसावी लागतात. डॉक्टर वर्गात येऊन बसू शकत नाहीत.

शाळेने मात्र रिपोर्टसाठी मदत अडवून धरू नये. संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क समितीने 2016 साली सर्वसमावेशक शिक्षणावर जी टिप्पणी काढली, तिच्यात हे स्पष्ट लिहिलं आहे: वाजवी सोयी देण्यासाठी वैद्यकीय निदानाची अट घालता येणार नाही. अर्जात याचा उल्लेख जरूर करा. आणि "मदत करा" एवढंच लिहू नका. पुढचा बाक, एका वेळी एकच सूचना, फळ्यावरचा मजकूर छापील कागदावर, असं नेमकं मागा. या तीन गोष्टींना पैसे लागत नाहीत. अर्जाची पोच घ्या.

रानजाई:
आधी कान तपासून घ्या. माझ्या मुलीच्या पडद्यामागे पाणी साचत होतं. सर्दी झाली की ऐकू कमी, सर्दी गेली की ठीक, त्यामुळे आम्हाला वाटायचं ती हट्टाने ऐकत नाही. पडदा नीट हलतो का ते बघणारी टिंपॅनोमेट्री झाली तेव्हा कळलं. दोनच मिनिटांची तपासणी, दुखत नाही. डोळेही एकदा बघून घ्या.

मोरपीस:
छत्रीताई, तुमची "तिसरी ओळ भलतीकडूनच सुरू होते" ही ओळ वाचली आणि मी हातातलं काम ठेवलं. माझ्या मुलीच्या वह्या अगदी अशाच होत्या. ती आता 11 वर्षांची आहे.

तिलाही वर्षभर "स्वप्नाळू" म्हणत होते, आणि मीही तेच म्हणायचे. एकदा ती बुटाची नाडी बांधत होती. गाठ अर्धी झाली आणि हात थांबले. डोळे उघडे, पापण्या बारीक फडफडत होत्या. मी खांद्याला हात लावला, तरी काही नाही. दहाएक सेकंदांनी गाठ तिथूनच पुढे सुरू झाली, जणू मधे काही घडलंच नाही. "काय झालं गं?" म्हटलं तर तिला माझा प्रश्नच कळेना.

त्या ॲब्सेन्स फिट्स होत्या. फिट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पडणं, झटके, तोंडाला फेस येतो. इथे यातलं काहीच नसतं, मूल काही सेकंद "नसतं" एवढंच, आणि असं दिवसातून कितीतरी वेळा होऊ शकतं. तंद्री लागलेलं मूल हात लावला की सहसा भानावर येतं, या फिटमध्ये येत नाही. मी मोबाईलवर दोन व्हिडिओ काढले. मेंदूविकारतज्ज्ञांनी ते पाहिले, तिला समोर बसवून जोरजोरात श्वास घ्यायला लावला, आणि त्यांच्यासमोरच फिट आली. (हे घरी करून बघू नका.) मग ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी, मग गोळ्या. तिच्या फिट्स थांबल्या. बहुतेक मुलांना औषध चांगलं लागू पडतं असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

पण शाळेचा प्रश्न गोळीने सुटला नाही, आणि हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. वर्षभर तिच्या कानावर धडे तुकड्यातुकड्यांनी पडले होते. हातच्याची वजाबाकी तिला येतच नव्हती, कारण शिकवताना ती मधेमधे तिथे नव्हतीच. शिवाय फिट्स थांबल्यावरही काही मुलांना लक्ष टिकवणं जड जातं, तिलाही जातं. पहिला रिपोर्ट शाळेत दिला तेव्हा त्यात आजाराचं नाव आणि औषधाचं नाव, बस. बाईंनी तो फाईलला लावला. त्यांनी तरी काय करायचं होतं त्याचं? मग मी डॉक्टरांना विनंती केली की वर्गात काय करायचं तेही लिहा. त्यांनी चार ओळी लिहिल्या: सूचना दोनदा सांगावी, राहिलेलं लेखन उतरवून द्यावं, परीक्षेत जादा वेळ द्यावा, हाकेला ओ दिली नाही तर रागावू नये, वेळ नोंदवावी. त्या चार ओळींनी काम केलं.

तुमच्याकडे हेच असेल असं मी मुळीच म्हणत नाही. कान असतील, डोळे असतील, वाचनाची अडचण असेल. पण बाईंकडे "लेखी द्या" म्हणून जाऊ नका, "लेखी" म्हटलं की माणूस बिचकतो. एक कोरा तक्ता घेऊन जा: तारीख, वेळ, काय चाललं होतं, काय दिसलं, हात लावल्यावर काय झालं. फक्त आठवडाभर भरून मागा, आणि तसाच एक घरी तुम्ही भरा.

आणि त्याला आजच सांगा की तो ढ नाही. रिपोर्टची वाट बघू नका. माझी मुलगी वर्षभर स्वतःला ढ समजत होती, ते तिच्या मनातून काढायला गोळ्यांपेक्षा जास्त दिवस लागले.

निळी_छत्री:
सगळ्यांचे मनापासून आभार. बाईंनी तक्ता हसतमुखाने घेतला, मला वाटलं होतं नाही म्हणतील. 5 दिवसांत 9 नोंदी आहेत, त्यातल्या 6 वेळा "दप्तर आवरताना किंवा लिहिताना थांबला, खांद्याला हात लावला तरी हलला नाही." घरी मीही एकदा पाहिलं, पण मोबाईल हातात घेईपर्यंत संपलं. बुधवारी कानांची तपासणी आहे, शुक्रवारी मेंदूविकारतज्ज्ञांची वेळ मिळाली आहे. तक्ता घेऊनच जाणार. त्याला पुढचा बाक सोमवारीच मिळाला.

मोरपीसताई, त्याच रात्री त्याला जवळ घेऊन सांगितलं. त्याने विचारलं, "मग ओळी कुठे जातात?" म्हटलं, तेच शोधायला आपण दोघं जाणार आहोत.