तुमचा लाडका खेळाडू ट्रेड झाला तेव्हा... (अनुभव धागा)

एनबीएच्या (अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या) ट्रेडवर, म्हणजे संघांमधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीवर बोलायला घेतलं की तिसऱ्या प्रतिसादाला गाडी क्रिकेटवर जाते, म्हणून हा वेगळा धागा. आकडेवारीचा कीस पाडू नका, ते करणारे रग्गड आहेत. तुमच्या संघाने तुमचा माणूस देऊन टाकला किंवा दुसऱ्याचा उचलून आणला, तेव्हा तुमच्या घरात, ऑफिसात, गावात काय झालं ते लिहा. कबड्डी, आयपीएल, कुस्ती, सगळं चालेल.

सुरुवात मी करतो. मी डॅलसच्या उत्तरेला प्लेनोत राहतो आणि डॅलसच्या संघाचा, मॅव्हरिक्सचा आहे. १ फेब्रुवारी २०२५, शनिवार, रात्रीचे अकरा वाजून गेलेले. ईएसपीएनचा बातमीदार शम्स चरानिया याची पोस्ट आली: आमचा स्टार लुका डॉन्चिच लॉस एंजेलिसच्या लेकर्सकडे, अँथनी डेव्हिस डॅलसकडे. आमच्या ग्रुपवर एकमताने ठरलं की याचं अकाउंट हॅक झालंय. जगभर तेच चाललं होतं, कारण थोड्या वेळाने बिचाऱ्याला 'हो, हे खरं आहे' म्हणून दुसरी पोस्ट टाकावी लागली.

पंचवीस वर्षांचा पोरगा. आदल्याच जूनमध्ये त्याने संघाला फायनलला नेलेलं. दुसऱ्या दिवशी लोक स्टेडियमबाहेर डर्क नोवित्स्कीच्या पुतळ्यापाशी चक्क शवपेटी घेऊन आले. डर्क याच एका संघाकडून २१ सीझन खेळला, त्यामुळे इथल्या लोकांना वाटायचं लुकाही इथेच म्हातारा होणार.

जनरल मॅनेजर निको हॅरिसन यांचं म्हणणं, डिफेन्सवर चॅम्पियनशिप जिंकतात. ठीक आहे, असेल. डेव्हिस मोठाच खेळाडू आहे, त्याबद्दल वाद नाही. माझा राग ट्रेडवर नाही, भावावर आहे. लुकाच्या बदल्यात डेव्हिस, मॅक्स क्रिस्टी आणि लेकर्सचा २०२९ चा पहिल्या फेरीचा एक पिक (ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, एक खेळाडू निवडायचा हक्क). एक! २०२४ मध्ये न्यूयॉर्कने मिकाल ब्रिजेससाठी ब्रुकलिनला पहिल्या फेरीचे पाच पिक मोजले होते, आणि ब्रिजेस तोवर एकदाही ऑल-स्टार झालेला नव्हता. राहता फ्लॅट विकायचा तर माणूस चार एजंटांना विचारतो. इथे सगळं गुपचूप, एकाच गिऱ्हाइकाशी बोलून.

पुढचं माहीत आहेच. डेव्हिस पहिल्याच मॅचला २६ पॉइंट करून तिसऱ्या क्वार्टरमध्ये जखमी, मार्चमध्ये आमचा दुसरा स्टार कायरी अर्व्हिंग याचा गुडघा गेला, ९ एप्रिलला लुका इथे येऊन रडला आणि मग ४५ पॉइंट टाकून गेला. मेमध्ये १.८ टक्के शक्यता असताना ड्राफ्टमधल्या पहिल्या निवडीची लॉटरी लागली आणि कूपर फ्लॅग हा नवा पोरगा मिळाला. नोव्हेंबरात हॅरिसन यांची नोकरी गेली. आता फ्लॅग दाखवून कोणी म्हणालं की 'शेवटी चांगलंच झालं ना', तर मी विषय बदलतो. लॉटरीची चिठ्ठी कोणाच्या हुशारीने निघत नाही.

(अवांतर: एनबीए ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला पहिला भारतीय, सतनाम सिंग, २०१५ साली ५२ व्या क्रमांकावर डॅलसनेच घेतला होता. देसी मंडळींत तेवढी एक फुशारकी आम्हाला अजून मारता येते.)

लिहा आता.

लॉस एंजेलिसहून

धागाकर्त्यांचं सांत्वन करावंसं वाटतंय, पण चेहऱ्यावरचं हसू जात नाहीये.

माझ्या लक्षात मात्र दुसराच ट्रेड राहिलाय. लुका आल्यावर चारच दिवसांत आम्ही शार्लटचा सेंटर मार्क विल्यम्स घेतला आणि बदल्यात डाल्टन नेक्ट हा पहिल्याच वर्षाचा पोरगा दिला. दोन दिवसांनी मेडिकलमध्ये विल्यम्स नापास झाला म्हणून ट्रेड रद्द. नेक्ट परत त्याच लॉकर रूममध्ये! 'तू नको' म्हणून पाठवलेला माणूस पुन्हा येऊन शेजारी बसतो, कसं बोलत असतील एकमेकांशी? आमच्या ऑफिसात एक जण राजीनामा देऊन नोटीस पिरियडमध्ये परत फिरला होता, त्याच्याशी वर्षभर सगळे जरा जपूनच बोलायचे.

आणि हो, लुका येऊनही त्या वर्षी बाद सामन्यांच्या पहिल्याच फेरीत मिनेसोटाने आम्हाला ४-१ ने घरी पाठवलं. हे कोणी काढायच्या आत मीच लिहून टाकते.

डोंबिवलीहून

मी सॅक्रामेंटो किंग्जची. हसा. याला कारण वरळीचा एनएससीआय डोम. ऑक्टोबर २०१९ मध्ये किंग्ज आणि इंडियाना पेसर्स मुंबईत दोन प्रदर्शनीय सामने खेळले. पहिला शाळकरी मुलांसाठी होता, दुसऱ्याला मी भावाबरोबर गेले. किंग्ज दोन्ही हरले. पण मालक विवेक रणदिवे, मुंबईत जन्मलेले. माझ्या आईला बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, पण 'रणदिव्यांची टीम' म्हटल्यावर तिने लगेच त्यांना आपलं मानलं.

तेव्हापासून सकाळी साडेआठला मॅच. हिवाळ्यात तिथले संध्याकाळचे सात म्हणजे आपले साडेआठ. अर्धी मॅच लोकलमध्ये, दिवा-मुंब्र्यादरम्यान चित्र अडकत अडकत.

आमच्याकडे २०२० च्या ड्राफ्टमध्ये टायरीस हॅलिबर्टन आला, बाराव्या क्रमांकावर. दिसायला काडीपैलवान, पण पास असे की समोरच्याला कळायच्या आत बॉल तिसऱ्याच्या हातात. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याला इंडियानाला दिला आणि डोमांटास साबोनिस घेतला. मला बातमी लंच टाइममध्ये कळली आणि मी डबा तसाच बंद केला. हॅलिबर्टनला स्वतःला जायचं नव्हतं हे त्याच्या बोलण्यातून नंतर स्पष्टच दिसलं. बरं, पुढच्याच वर्षी साबोनिसने आणि डीआरन फॉक्सने आम्हाला १६ सीझनांनंतर प्लेऑफ (बाद सामने) दाखवला. जिंकल्यावर स्टेडियमवरून आकाशात जांभळा झोत सोडायचे, मी इकडे स्टेटसला जांभळं हृदय टाकायचे. म्हणजे ट्रेड फसला असंही तोंड वर करून म्हणता येईना. मनातल्या मनात कुढायचं फक्त.

फेब्रुवारी २०२५ मध्ये, लुकाच्याच आठवड्यात, फॉक्सही गेला सॅन अँटोनियोला. वरळीत पाहिलेला माझा शेवटचा माणूस. आणि जूनमध्ये हॅलिबर्टन इंडियानाला घेऊन फायनलमध्ये! पहिल्या मॅचला ०.३ सेकंद उरलेले असताना त्याने बास्केट मारून ओक्लाहोमाला हरवलं तेव्हा मी जोरात ओरडले, दुसऱ्या संघासाठी. सातव्या मॅचला त्याचा अकिलीस (टाचेमागची शीर) तुटला तेव्हा टीव्ही बंद केला. आता मी नक्की कोणाची फॅन, हे विचारू नका.

बॉस्टनहून

इथे भावना बऱ्याच झाल्या, थोडा हिशोब मांडतो. हल्ली अर्धे ट्रेड खेळ बघून होतच नाहीत, 'सेकंड अॅप्रन' बघून होतात. पगारांची एक वरची रेषा आहे, २०२५-२६ साठी साधारण २०.८ कोटी डॉलर. ती ओलांडली की दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू आणता येत नाही, दिलेल्या पगारापेक्षा एक डॉलर जास्त परत घेता येत नाही, आणि सात वर्षांनंतरचा पहिल्या फेरीचा पिक गोठवला जातो. लक्झरी टॅक्स वेगळा.

२०२४ मध्ये आम्ही अठरावी चॅम्पियनशिप जिंकलो (डॅलसलाच हरवून, सॉरी). वर्षभरात आमचा स्टार टेटम याचा अकिलीस गेला आणि लगेच जुरू हॉलिडे पोर्टलंडला, पोर्झिंगिस अटलांटाला. दोघांनी काय वाईट केलं होतं? काही नाही. पगार वरच्या रेषेला भिडत होते, बस्स.

हे बरोबरच आहे असं माझं मत. श्रीमंत मालकांना लगाम हवाच. बायको म्हणते तू हॉलिडेचा जर्सी घालून हे बोलतोस, शोभत नाही.

अहिल्यानगरहून

बास्केटबॉलमधलं मला फार कळत नाही, वाचायला मजा येतेय. पण तारखेवरून आठवलं. तुमच्याकडे तो लुका गेला तेव्हा आमच्याकडे २ फेब्रुवारीची सकाळ. त्या दिवशी इथे महाराष्ट्र केसरीची फायनल होती! संध्याकाळी, त्याआधीच्या लढतीत, शिवराज राक्षे म्हणत होता माझी पाठ टेकलीच नाही, पंचांनी पृथ्वीराज मोहोळला विजयी दिलं, आणि राक्षेने पंचाला लाथ मारली. मग फायनलमध्ये महेंद्र गायकवाडही पंचांवर नाराज होऊन मॅट सोडून गेला. मोहोळ महाराष्ट्र केसरी, बाकी दोघांवर तीन-तीन वर्षांची बंदी. शेजारी मुंबईत त्याच रात्री वानखेडेवर अभिषेक शर्माने इंग्लंडला ५४ चेंडूंत १३५ मारले, पण आमच्या चहाच्या टपरीवर त्याचं नाव कोणी काढलं नाही. आठवडाभर एकच विषय: पाठ टेकली का नाही.

ट्रेडचं म्हणाल तर पैलवान तालीम सोडून दुसऱ्या वस्तादाकडे गेला, तर गावात दोन पिढ्या बोलणं होतं. तुमच्याकडे निदान कागद होतो.

दादरहून

क्रिकेटवर गाडी नेतोय, माफी. हार्दिक पंड्या गुजरातकडून मुंबई इंडियन्सकडे परत आला आणि रोहितकडून कॅप्टनशिप काढून त्याला दिली. १ एप्रिल २०२४, वानखेडे, टॉसला एवढी हुर्यो उडाली की मांजरेकरांना माइकवर 'बिहेव' म्हणावं लागलं. मीही त्यातच होतो. वर्ल्ड कप जिंकून ४ जुलैला संघ त्याच मैदानावर आला आणि तेच पब्लिक 'हार्दिक, हार्दिक'. तेव्हाही मी होतो, घसा बसेपर्यंत.

ह्यूस्टनहून

आमचा अनुभव अगदी छोटा. जून २०२५ मध्ये केव्हिन ड्युरंट न्यूयॉर्कला एका फॅन मेळाव्यात स्टेजवर बोलत होता आणि तिथेच, सगळ्यांदेखत, त्याला कळलं की तो फिनिक्सहून आमच्याकडे येतोय. आम्ही दिला जेलन ग्रीन आणि डिलन ब्रूक्स. शेजारच्या तमिळ कुटुंबातला मुलगा ग्रीनचा भक्त, दोन दिवस आमच्याकडे खेळायलाच आला नाही. तिसऱ्या दिवशी आला आणि म्हणाला, 'अंकल, ड्युरंट सदतीस वर्षांचा होणार आहे सप्टेंबरमध्ये, तुम्हाला माहीत होतं का?'

धागाकर्ता

डोंबिवली: तुमच्या आईंना सांगा, रणदिव्यांनी फॉक्सला विकून झॅक लव्हीन आणलाय. बघा काय म्हणतात.

डोंबिवलीहून

सांगितलं. म्हणाली, 'घरचं माणूस असलं तरी चुकतं कधी कधी.' आणि मग विचारलं, लव्हीनचं लग्न झालंय का.