इंटरलाकेनला चारच दिवस असतील तर देशभराचा पास घेऊ नये

घाटमाथा:
स्वित्झर्लंडला निघालेल्या कुठल्याही कुटुंबाची यादी बघा. व्हिसा, विमा आणि लगेच स्विस ट्रॅव्हल पास, म्हणजे देशभरच्या रेल्वे, बस, बोटींवर चालणारा पास. झ्युरिक ते जिनिव्हा सगळा देश पालथा घालायचा असेल तर जरूर घ्या. पण मुक्काम एकट्या इंटरलाकेनला, तोही जेमतेम चार दिवस, तर आपण करतो काय? डोंगर चढतो. आणि हा पास नेमका डोंगरावरच तोकडा पडतो. ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगेन या डोंगरातल्या गावांपर्यंत रेल्वे त्यात येते. तिथून युंगफ्राउयोखला, म्हणजे बर्फातल्या रेल्वे स्टेशनला (३,४५४ मीटर), फक्त २५ टक्के सवलत. फर्स्ट, मेनलिखेन, हार्डर कुल्म हे जवळचे डोंगर अर्ध्या दरात, म्हणजे दर वेळी पाकीट काढायचंच.

त्यापेक्षा बर्नर ओबरलांड, म्हणजे इंटरलाकेनच्या आसपासच्या डोंगराळ भागाचा पास घ्या. फर्स्टची आणि मेनलिखेनची केबल कार, शिनिगे प्लाट डोंगराची रेल्वे, ब्रिएन्झ गावाहून रोटहॉर्न डोंगरावर जाणारी वाफेची गाडी, थून आणि ब्रिएन्झ या दोन्ही तलावांतल्या बोटी, सगळं त्यात आहे. शिवाय बर्न आणि लुत्सर्नपर्यंतची रेल्वे. युंगफ्राउयोखचा शेवटचा टप्पा वेगळा काढावा लागतो, पण सवलतीत. ज्या खोऱ्यात राहायचं त्याचाच पास घ्यावा, एवढं साधं आहे हे.

निवांत:
अजिबात पटलं नाही. सत्तरीचे आई-वडील बरोबर असताना रोज दोन डोंगर कोण चढतं? एक डोंगर झाला की त्यांना खिडकीशी बसून देश बघायचा असतो. आणि पावसाचं काय? आल्प्समध्ये ढग उतरले की वरून दिसतं ते फक्त पांढरं. त्या दिवशी मी माँट्रोजवळचा शियाँचा किल्ला बघेन. स्विस ट्रॅव्हल पासमध्ये ५०० पेक्षा जास्त संग्रहालयं आहेत आणि हा किल्ला त्यातलाच. पूर्वेकडे आभाळ मोकळं असेल तर लुत्सर्नजवळचा रिगी डोंगर. तिथवरची बोट आणि रेल्वे दोन्ही पासात. विमानतळावरून निघाल्यापासून तिकीट या विषयाचा विचारच करायचा नाही, याला किंमत आहे. तुमच्या पासवर झ्युरिक विमानतळापासूनचं तिकीट वेगळं. ते हिशेबात धरलंत का?

घाटमाथा:
धरलं. येण्याजाण्याची ती दोन तिकिटं आधी काढली तर सवलतीत मिळतात. पावसाच्या दिवसाला बर्न आहेच, लुत्सर्नही आहे. एका ओल्या दिवसासाठी सगळ्या देशाचं भाडं भरायला मी तयार नाही.

अनघा_बर्न:
मी इथेच राहते, म्हणून स्पष्टच लिहिते. तुम्ही दोघं महिना कुठला हे विचारतच नाही आहात. आपल्याकडून लोक येतात शाळांच्या सुट्टीत, म्हणजे बहुतेक मे महिन्यात. मेच्या सुरुवातीला शिनिगे प्लाट बंद, रोटहॉर्नची गाडी बंद, मेनलिखेन सहसा महिनाअखेरीस उघडतं. फर्स्टला पोहोचलात तरी बाखाल्पसे तळं बर्फाखाली. मग घाटमाथा, तुमच्या पासातलं उरलं काय? पैसे पूर्ण हंगामाचे आणि डोंगर निम्मे. माझ्या बघण्यात कितीतरी कुटुंबं अशी हिरमुसून परत गेलीत, आणि त्यांना आधी कुणीच सांगितलेलं नसतं याचं मला फार वाईट वाटतं.

मे महिन्यासाठी हाफ फेअर कार्ड घ्या. महिनाभर चालतं. रेल्वे, बस, बोट, जवळजवळ प्रत्येक डोंगर अर्ध्या दरात, आणि मुख्य म्हणजे युंगफ्राउयोखवर थेट ५० टक्के. इंटरलाकेनहून तिथलं जाऊन-येऊन तिकीट २०० फ्रँकच्या वर जातं, तेव्हा त्या एका दिवसातच कार्डाचा मोठा भाग वसूल होतो. पास सलग दिवसांचे असतात, पाऊस पडला तरी दिवस संपतो. कार्डावर सकाळी वेबकॅम बघायचा, शिखर दिसलं तरच तिकीट काढायचं.

निवांत:
म्हणजे रोज सकाळी उठून हिशेब! अनघाताई, तुमचं तिथे घर आहे, एखादा दिवस गेला तरी चालतं. आम्ही मोजक्या दिवसांत येतो. सलग दिवस नको असतील तर स्विस ट्रॅव्हल पासचा फ्लेक्स प्रकार आहे, महिन्याभरातले कुठलेही दिवस निवडता येतात.

कोकणकडा:
मुलं असलेल्यांनी एक नक्की करा. स्विस फॅमिली कार्ड मोफत मिळतं. पालकांकडे स्विस ट्रॅव्हल पास किंवा हाफ फेअर कार्ड असेल तर ६ ते १५ वर्षांची मुलं त्यांच्याबरोबर रेल्वे, बस, बोटीने फुकट फिरतात. आणि इंटरलाकेनच्या हॉटेलात मिळणारं गेस्ट कार्ड मागून घ्या, गावातल्या बसचे पैसे वाचतात.

घाटमाथा:
अनघा, मे महिन्यापुरतं तुमचं म्हणणं मान्य. पण गणपतीनंतर सप्टेंबरात येणाऱ्यांना सगळे डोंगर उघडे मिळतात. हाफ फेअर कार्ड असेल तर बर्नर ओबरलांड पाससुद्धा कमी दरात मिळतो, म्हणजे दोन्ही एकत्र घेता येतात. रोज फिरणारा माणूस असेल तर सप्टेंबरात मी तेच सुचवेन.

अनघा_बर्न:
सप्टेंबर असेल तर हरकत नाही. फक्त दिवाळीच्या सुट्टीत येणाऱ्यांना हे सांगू नका. ऑक्टोबर संपला की शिनिगे प्लाट आणि रोटहॉर्न पुन्हा बंद.