मेडिकलचे इंग्रजी शब्द लक्षात राहत नाहीत, ग्रीक मुळांचा खरंच उपयोग होतो का?

पहिलं_वर्ष:
बारावीपर्यंत मराठी माध्यम, आता जीएनएमला, म्हणजे नर्सिंगला आहे. वहीत रोज वीस-पंचवीस शब्द चढतात, सकाळपर्यंत निम्मे उतरलेले असतात. नेफ्रेक्टमी, नेफ्रॉटमी, नेफ्रॉस्टमी, मला तिन्ही सारखेच. मॅडम म्हणतात, ग्रीक मुळं पाठ करा. इथे इंग्रजीचीच बोंब, त्यात ग्रीक कुठून शिकू?

टंकनवाली:
बाळा, मी डॉक्टर नाही, नर्सही नाही. बी.ए. मराठी आहे आणि एका सर्जनच्या हॉस्पिटलात एकोणीस वर्षं डिस्चार्ज कार्डं टाइप करतेय. ग्रीक शिकायचंच नाहीये, पन्नास-साठ तुकड्यांशी ओळख करायचीय.

शब्द शेपटीकडून वाच. तुझे तिन्ही शब्द 'नेफ्रॉस' म्हणजे मूत्रपिंडापासून निघतात, खरी भानगड शेवटी आहे. 'टोमे' म्हणजे कापणं, म्हणून 'टमी' म्हणजे नुसता छेद. त्याआधी 'एक्', म्हणजे बाहेर, लागलं की एक्टमी: कापून बाहेर काढली, किडनी गेली. 'स्टोमा' म्हणजे तोंड, म्हणून ऑस्टमी म्हणजे बाहेर यायला वाट करून ठेवली. वॉर्डात पेशंटच्या पोटाला लावलेली स्टोमा बॅग बघितली असशील, तोच हा स्टोमा. टाइप करताना एवढंसं चुकलं तर माणसाची किडनी कागदोपत्री गायब!

मी स्वतः चुकलेय. नवीन असताना हायपोग्लायसेमियाच्या जागी हायपर टाइप केलं. साखर घसरून आलेला माणूस, कार्डावर साखर वाढलेली. सही व्हायच्या आत सिस्टरांनी पकडलं म्हणून निभावलं. घरी आले तरी डोक्यातून जाईना, आणि मग कॉलेजातलं संस्कृत कामी आलं. हायपो हे आपल्या 'उप'चं भावंड, हायपर हे 'उपरि'चं. उपसरपंच सरपंचाच्या खाली. आणि अर्जातलं 'उपर्युक्त' म्हणजे वर सांगितलेलं. त्यानंतर त्या दोघांत माझी गल्लत झालेली नाही. अशी भावंडं बरीच आहेत: ऑस्टिऑन आणि अस्थि, ओडॉन्ट आणि दंत. ॲनिमियातला 'ॲन' तर आपल्या 'अनावश्यक'मधलाच. 'हायमा' म्हणजे रक्त, ते नाही.

गोळ्यावाला:
मेडिकल दुकान आहे माझं. ताई म्हणतात ते बरोबर, पण फार विसंबू नका. ऑर्थोपेडिकमधलं 'पेड' मी कित्येक वर्षं पाय समजत होतो, सायकलच्या पेडलसारखं. ते लॅटिन. इथलं 'पेड' ग्रीक, त्याचा अर्थ मूल! निकोलस आंद्री या फ्रेंच डॉक्टरने १७४१ साली मुलांच्या शरीरातले बाक सरळ करण्यावर पुस्तक लिहिलं, त्याने 'ऑर्थॉस' म्हणजे सरळ आणि मूल असे जोडून हा शब्द बनवला. त्यात वाकड्या झाडाला खांबाशी बांधल्याचं चित्र आहे, तेच पुढे हाडवाल्यांचं चिन्ह झालं.

कोलेस्टेरॉल घ्या. 'कोले' पित्त, 'स्टेरेऑस' घट्ट. आधी पित्ताच्या खड्यांत सापडलं म्हणून हे नाव. आता यावरून हार्टचा पत्ता लागेल कुणाला?

टंकनवाली:
लागणार नाही, कबूल. 'आयटिस'चंही तेच. मुळात त्याचा अर्थ नुसता 'अमक्याचा'. अर्थ्रायटिस म्हणजे सांध्याचा, पुढे 'आजार' आपण समजून घ्यायचा. सूज, दाह हे नंतर चिकटलं. म्हणून मुळावरून आधी अंदाज बांधायचा, मग डिक्शनरी उघडायची. चुकलेला अंदाज जास्त लक्षात राहतो, हे दादांच्या पेडलवरूनच बघ.

आणि किडनीला 'रीनल' दिसलं तर गोंधळू नकोस. ते लॅटिन. एकाच घरात दोन सुना.

पहिलं_वर्ष:
ताई, आज ड्यूटीवर डेंग्यूच्या पेशंटची फाइल हातात आली. थ्रॉम्बोसायटोपेनिया. शेपटीकडून सुरू केलं आणि शेपटीतच अडकले. थ्रॉम्बॉस गुठळी, साइट म्हणजे पेशी, एवढं जमलं. पेनिया काय?

टंकनवाली:
गरिबी.

पहिलं_वर्ष:
अगं बाई, प्लेटलेटची गरिबी! काउंट अठरा हजार होता.